आठ सिलिंडर, सहा सिलिंडर आणि एक चूल

मला इंजिनातलं काहीही कळत नाही. हे वाक्य मी सत्तावीस वर्षं उशिरा लिहितो आहे, आणि ते वेळेवर बोललो असतो तर त्या रविवारी आमच्या आईने जेवण टाकलं नसतं.

त्याचं असं झालं की दहावीनंतर मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला होतो. घरच्यांची अशी समजूत आहे की तिथे मी वर्षभर इंजिनं खोलली आणि जोडली. प्रत्यक्षात वर्षभर मी लोखंडाचा एक चौकोनी तुकडा कानशीने घासत होतो. (तो शेवटपर्यंत काटकोनात आला नाही.) इंजिन होतं, नाही असं नाही, पण ते कुलपात होतं आणि किल्ली ज्या सरांकडे होती ते रजेवर होते. पुढे मी शहापूरला एका ऑफिसात कारकून झालो. त्यानंतर माझा इंजिनाशी संबंध आला तो बंद पडलेली स्कूटर ढकलण्यापुरता. पण गावात एक वाक्य पक्कं बसलं ते बसलंच: "भाऊला इंजिनातलं कळतं." कोणाची मोटारसायकल बिघडली की मला बोलावणं यायचं. मी जायचो, गुडघ्यावर हात ठेवून वाकायचो, "हं" म्हणायचो आणि "मेकॅनिकला दाखवा" असा सल्ला द्यायचो. सल्ला दर वेळी बरोबर निघायचा, त्यामुळे कीर्ती वाढतच गेली.

आम्ही तीन भाऊ. थोरला दादा शेती बघतो आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धाकटा बाळू रोज आसनगावहून गाडी पकडून ठाण्याला कंपनीत जातो आणि जाता-येता मोबाइलवर मोटारींचे व्हिडिओ बघतो. मधला मी. तिघांच्या तीन बायका, पाच पोरं आणि सगळ्यांच्या वर आई. शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आत आमचं गाव, तिथे हे बारा माणसांचं एक घर आणि एक चूल. (तसा गॅस आहे, पण आमच्याकडे घरं मोजतात ती चुलींवरच.)

बाबा गेल्यापासून आईला एकच धास्ती. आजूबाजूच्या जमिनी रस्त्यात गेल्या, पैसा आला, आणि ज्या ज्या घरात पैसा आला त्या घराला वर्षभरात दुसरं दार पडलं. आमचाही एक तुकडा रस्त्यात गेला, तेव्हा आईने तिघांना समोर बसवलं.

"एक गाडी घ्या," ती म्हणाली. "मोठी. सगळी बसतील अशी. देवाला जायचं तर घर एकत्र जाईल, मयतीला जायचं तर एकत्र जाईल. पण एकच. दारात दोन गाड्या आल्या की घरात दोन चुली आल्या, मी बघून बसलेय."

तिघांनी माना हलवल्या. एका गाडीत काय वाईट होतं? एका गाडीला इंजिनही एकच असतं. पण त्या इंजिनात सिलिंडर किती, हा प्रश्न असतो हे आईला कोणी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी दादा मला शेताच्या बांधावर घेऊन गेला. दादा कधी काही विचारायला लागला की समजावं, त्याचं ठरलेलं आहे.

"वसंता, कल्याणला एक गाडी बघितली. बिल्डरची होती. आठ सिलिंडर! चार या बाजूला, चार त्या बाजूला, मधे अशी खाच." त्याने दोन्ही पंजे एकमेकांना टेकवून आकार करून दाखवला. "चालू केली ना, पोटात गुरगुर होते. कशी काय मग? तुला कळतंय म्हणून विचारतो."

मला काय कळत होतं? मला त्याचा चेहरा कळत होता. बाबांनी पहिली बैलजोडी आणली तेव्हा दादा असा हसला होता, असं आई सांगते.

"दादा," मी म्हणालो, "असं इंजिन परत होणे नाही."

दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्याच दिवशी बाळूने मला आसनगाव स्टेशनबाहेर गाठलं आणि मोबाइल माझ्या नाकाला लावला.

"भाऊ, ही बघ. सहा सिलिंडर, वर टर्बो. आठवाली आता कोण घेतो रे? आठवाल्याला जेवढी ताकद तेवढीच हिला, नि पेट्रोल किती कमी पिते. टॉर्क बघ, टॉर्क! तुला तर माहीतच हाय."

टॉर्क हा शब्द मी आयटीआयच्या भिंतीवर एका तक्त्यात वाचला होता. तक्ता उलटा टांगलेला होता. पण बाळूच्या डोळ्यांत अशी चमक होती की त्याला "मला माहीत नाही" म्हणणं माझ्या जिवावर आलं.

"बाळू, असं इंजिन परत होणे नाही," मी म्हणालो.

आणि वर शहाणपणा असा, की दोघांनाही मी वेगवेगळं बजावलं: माझं नाव मधे आणू नकोस, दुसऱ्याला उगाच वाईट वाटेल. दोघांनाही माझ्या मनाचा मोठेपणा पटला. पटला नाही तो एकट्या सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला.

"दोघांना हो बोललात?"

"दोघांनी वेगवेगळं विचारलं ना."

"मग उत्तर पण वेगवेगळं द्यायचं ना," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. आमच्या घरातलं शेवटचं शहाणं वाक्य ते. त्यानंतर पुढचे पंधरा दिवस असलं काही कोणाच्या तोंडून निघालं नाही.

जेवताना विषय निघाला. दादा आठ म्हणाला, बाळू सहा म्हणाला. आईने भाकरी थापता थापता मला विचारलं, "तुला कळतंय ना? मग मला सांग, दोघींत फरक काय?"

बारा जणांचे डोळे माझ्यावर. (अकरा, बारावी जोडी माझीच, आणि ती ताटात होती.) मी चुलीकडे बघितलं आणि देवाने बुद्धी दिली. "आई, आठवाली म्हणजे मोठी चूल. लाकडं जास्त जातात, पण आपसूक धडधडून पेटते. सहावाली म्हणजे लहान चूल, पण तिला फुंकणी लावलीय. ती फुंकणी म्हणजे टर्बो. फुंकर मारली की लहान चूलही तेवढीच पेटते, आणि लाकूड कमी जातं."

"नि फुंकतो कोण?"

"कोणी नाही. चुलीचा धूर बाहेर जातो ना, तोच पंखा फिरवतो आणि तो पंखा आत वारा भरतो."

"म्हंजे चूल स्वतःच्याच धुराने स्वतःला फुंकते?" आईने भाकरी तव्यावर टाकली. "नि फुंकणी मोडली तर?"

"तर खर्च मोठा," दादा खूश होऊन म्हणाला.

"नि मोठ्या चुलीला रोज गाडीभर लाकूड कोण आणणार?" बाळू म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट बरोबर समजावून सांगितली, आणि तिने दोघांच्याही हातात काठी दिली. दादा म्हणाला, आमच्या घरात कोणी फुंकून घेतलेलं नाय, स्वतःच्या दमावरच पेटलोय. बाळू म्हणाला, म्हणूनच सगळं घर धुरात बसलंय. दादा ताटावरून उठला. आमच्याकडे ताटावरून उठणं म्हणजे साधी गोष्ट नाही.

तिथून दोघांचं बोलणं बंद, आणि मधल्या भावाला पोस्टमनची नोकरी.

"बाळ्याला सांग, टर्बो म्हणजे दमेकऱ्याला दिलेला पंप."

"दादाला सांग, व्ही-एट घेणं म्हणजे पेट्रोलपंपाला दत्तक जाणं."

मी निरोप न्यायचो, पण वाटेत त्यातले काटे काढायचो. "दादा म्हणतो, टर्बो प्रकृतीला बरा." "बाळू म्हणतो, आठवालीमुळे पंपाशी घरोबा वाढेल." दोघांना वाटायला लागलं की समोरचा नरमतोय, म्हणून दोघे जास्तच ताठ झाले.  आई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बारा ताटं मोजून घ्यायची, हे मी बघत होतो.

शेवटी मी एक तोड काढली. (माझी तोड! तेव्हाच कोणी तरी मला खांबाला बांधायला हवं होतं.) दोन्ही गाड्या रविवारी ट्रायलला दारात बोलवायच्या, अर्धं घर एकीत, अर्धं दुसरीत, आणि टोकावड्यावरून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन यायचं. घाटात गाडी आपोआप खरं बोलेल, मला बोलायची गरज पडणार नाही. तोपर्यंत दोघांची समजूत राहावी म्हणून मी दादाला हळूच सांगितलं, "ट्रायल नावाला. तुझीच पक्की." बाळूलाही हळूच सांगितलं. काय सांगितलं ते लिहायची लाज वाटते.

रविवारी सकाळी टर्बोवाल्या माणसाचा फोन आला की वळण सापडत नाही. मी स्कूटरवरून मुख्य रस्त्याला त्याला आणायला गेलो. गळ्यात टाय लावलेला, विशीतच टक्कल पडायला लागलेला सज्जन गृहस्थ होता. त्याला घेऊन अंगणात येतो तो काय बघतो? आठ सिलिंडरवाली आधीच येऊन उभी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, काचेवर झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची, चारही चाकांखाली लिंबं, आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको, पुढच्या चाकाशी नारळ फोडून पाणी शिंपडत होती.

"वहिनी!" मी स्कूटरवरूनच ओरडलो. "अहो, ही नुसती बघायला आणलीय."

"भावजी, आता काय लपवता? हे बोलले मला, पक्की झालीय. तुमीच बोललात ना त्यांना?"

मी स्कूटर स्टँडला लावतो तेवढ्यात मागे खट्ट करून आवाज आला. बाळूची बायको वर्षा नोकरी करते, तिचा हात भराभर चालतो. तिने टर्बोवाल्या गाडीवर स्वस्तिक काढून, हार घालून नारळ फोडूनही टाकला होता. हार देवघरातल्या तसबिरीवरचा काढला होता.

नारळाच्या आवाजाने आई बाहेर आली. तिने एक गाडी बघितली, मग दुसरी बघितली. ती पायरीवरच खाली बसली.

आमच्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गाय असो, नांगर असो, नाहीतर मोबाइल, एकदा दारात कुंकू लावून नारळ फोडला की ती वस्तू घरची झाली. ती परत करत नाहीत. लक्ष्मी दारातून माघारी गेली तर घराचं बरं होत नाही. ही रीत गाड्या विकणाऱ्यांनाही पक्की ठाऊक असते. आठवाल्या गाडीबरोबर आलेले, गळ्यात जाड सोन्याची साखळी घातलेले शेठ मिशीत हसत होते, आणि टायवाल्याने हारासकट फोटो काढून साहेबाला पाठवूनही दिला होता.

"आता काय रे?" आईने मला विचारलं. दादाला नाही, बाळूला नाही. मला.

"आधी घाटात तर जाऊन येऊ," मी म्हणालो. बुडत्याला काडीचा आधार असतो, मी घाटाचा घेतला.

निघालो. दादा, वहिनी, सुमन, मी आणि दोन पोरं आठवालीत. बाळू, वर्षा, आई आणि तीन पोरं टर्बोत. मुरबाडपर्यंत गंमत होती. आठवाली खरोखर पोटातून गुरगुरत होती आणि दादा प्रत्येक गुरगुरीला "ऐकलंस?" म्हणत होता. टोकावड्याच्या पुढे चढ सुरू झाला आणि गुरगुर थांबली. गाडी पण थांबली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उतरलो, गुडघ्यावर हात ठेवून वाकलो आणि "हं" म्हणालो.

"पेट्रोल संपलं," साखळीवाले शेठ म्हणाले. "ट्रायलपुरतं टाकलं होतं. ही जरा पिते."

मागून टर्बो आली. बाळूने काच खाली केली, पहिल्यांदा पंधरा दिवसांत दादाकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाला, "दोरी बांधू का? ओढतो."

दादाच्या तोंडाचा रंग मी सांगत नाही. "वसंता, त्याला सांग," दोन हात अंतरावरच्या बाळूसाठी तो मला निरोप देत म्हणाला, "ही गाडी इथंच गंजली तरी त्याच्या दोरीला लागणार नाय."

मग एका ढाबेवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी टोकावड्याला जाऊन कॅनमधून पेट्रोल आणलं. एका टेम्पोत सिमेंटच्या पोत्यांवर बसून परत येताना मी ठरवलं होतं की आता एक शब्द बोलायचा नाही. पण गाडीपाशी पोचतो तर बाळू पहिलं वळण चढून नुकताच परतला होता आणि टर्बो बंद करायला निघाला होता, आणि मला अचानक आयटीआयच्या त्या उलट्या तक्त्यावरची एकमेव ओळ आठवली.

"बंद करू नको!" मी ओरडलो. "टर्बो तापलेला असतो. चढ चढून आल्यावर थोडा वेळ चालूच ठेवायचा, मग बंद करायचा."

"म्हणजे बघ," बाळू टायवाल्याला म्हणाला, "आमच्या भाऊला किती कळतं."

इंजिन चालू ठेवून सगळे हवा खायला उतरले. आई तेवढी आत बसली, तिचे गुडघे दुखतात. आणि तिथे माकडं आली. घाटातली माकडं हारातली झेंडूची फुलं खायला बॉनेटवर चढली, तसं आईने घाबरून दारावरचं एक बटण दाबलं. चारही दारं कुलूपबंद झाली. आत आई, गाडी चालू, बाहेर आम्ही अकरा जण, दोन विक्रेते आणि सात माकडं.

"आई, तेच बटण परत दाब!" बाळू काचेवर हात आपटत होता.

आईने हाताने खूण केली: कशाला? आत गार वारा सुटला होता, बाहेर माकडं होती आणि पोरं भांडत होती. तिने पदर सावरला आणि डोळे मिटले. अर्धा तास ती आत निवांत बसली. टायवाल्याच्या खिशात चावी होती, पण ती कशी वापरायची हे आठवण्याआधी त्याच्या खांद्यावरचं माकड उतरायला हवं होतं.

परतताना वर्षाला वळणावर टर्बोत उलटी झाली. आठवालीत वहिनींना झाली नाही, पण आम्ही घरी पोचलो तेव्हा आणलेलं पेट्रोलही संपत आलं होतं. थोडक्यात, घाट खरं बोलला, पण दोन्ही बाजूंनी बोलला.

अंगणात उतरताच दादा म्हणाला, "मी माझी ठेवतो." बाळू म्हणाला, "मी माझी." दोघं हे मला सांगत होते, पण ऐकू आईला गेलं.

 ती चुलीपाशी गेली, सकाळचा तवा उतरवला आणि राखेखालच्या विस्तवावर पाणी ओतलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "वसंता, तुला सगळं कळतंय. दुसरी चूल कुठं मांडायची ती जागा बघून ठेव. मी कुठल्याच चुलीवरचं जेवणार नाय."

त्या वेळी मला खरंच रडू आलं. गोठ्याच्या मागे जाऊन मी रडलो. तिथे सुमन आधीच उभी होती. ती म्हणाली, "जाऊन सांगा खरं." मी म्हणालो, "सांगतो." आणि मी सांगितलं नाही, कारण तेवढ्यात आईने गोमाबाबाला बोलावणं धाडलं होतं.

गोमाबाबा वरच्या वाडीवरचा भगत. घरात काही अडलं की तो येऊन देवीला तांदूळ लावून विचारतो. मूठभर तांदूळ घ्यायचे, दोन-दोन करून मोजायचे. शेवटी एक उरला तर देवीचा होकार, जोडी जुळली तर नकार. तो आला, दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घातली आणि अंगणात घोंगडीवर बसला. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला बाळू, मागे दोन विक्रेते हात जोडून. तेही विचारात पडले होते.

"बाबा, देवीला विचारा," दादा म्हणाला. "आठ का सहा?"

गोमाबाबाने डोकं खाजवलं. "मी जोड का एकट ते बघतो. तुमचे आठ पण जोडीचे, सहा पण जोडीचे. देवी बोलणार काय? पाच का सहा असता तर झाला असता."

"पाच सिलिंडरची पण येते," टायवाला मागून हळूच म्हणाला. 

मग बाबाने एकेकीचं विचारलं. आठवाली ठेवायची? तांदूळ मोजले, जोडी जुळली. नाय. दादाची मान खाली गेली. बाळूने छाती पुढे काढली. सहावाली ठेवायची? तांदूळ मोजले, जोडी जुळली. नाय. बाळूची छाती जागेवर आली.

"मग परत धाडायच्या का, ते विचार," आई म्हणाली.

गोमाबाबाने तिसरी मूठ भरली आणि न मोजताच सुपात परत टाकली. "दर टायमाला देवीला काय त्रास द्यायचा? आधी माणसाला विचारू." तो दादाकडे वळला. "ही चांगली, असं तुला कोण बोलला?"

दादा घुटमळला. मग म्हणाला, "भाऊ बोलला. असं इंजिन परत होणे नाय, बोलला."

"नि तुला?"

बाळू माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊच बोलला," तो म्हणाला. "असं इंजिन परत होणे नाय."

 मी गुडघ्यावर हात ठेवले, वाकलो, आणि या वेळी "हं" निघालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. कानस सांगितली, लोखंडाचा तुकडा सांगितला, उलटा तक्ता सांगितला. दोघांचं मन मोडू नये म्हणून मी हो म्हणालो, असंही म्हणालो; पण ते अर्धंच खरं होतं. दोघं मला विचारायला येतात हे मला आवडत होतं, हे उरलेलं अर्धं. तेही सांगितलं.

दादा उठला. मला वाटलं मारतो. तो बाळूपाशी गेला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलला.

"बाळ्या, याच्या नादाने आपण चूल विझवली रे."

"तेच तर," बाळू म्हणाला. "नि निरोप पण हाच आणायचा. तू मला टर्बो प्रकृतीला बरा बोललास?"

"मी? मी दमेकरी बोललो होतो."

दोघं हसायला लागले. हसता हसता माझ्याकडे बघायचे आणि परत हसायचे. मी पण हसायचा प्रयत्न केला, तसे ते गप्प झाले.

आईचा प्रश्न उरलाच होता: कुंकू लागलेली लक्ष्मी परत धाडायची कशी? तो गोमाबाबाने एका वाक्यात सोडवला. "लेक पण घरची लक्ष्मीच ना? तिला नाय का तुमी दुसऱ्याच्या घरी धाडत? ओटी भरा नि धाडा."

मग आमच्या अंगणात दोन गाड्यांची ओटी भरली. बॉनेटवर तांदूळ, नारळ, खण. खण वाऱ्याने उडू नये म्हणून सुमनने तो पुढच्या जाळीत खोचला. आईने दोन्ही गाड्यांच्या दिव्यांना हळदकुंकू लावलं आणि "सुखाने नांदा गो" म्हणाली. ओटी भरली की रडायचं असतं, म्हणून वहिनी आणि वर्षा दोघी सवयीने रडल्या. साखळीवाल्या शेठनाही भरून आलं, पण ते वेगळ्या कारणाने. आठवाली गेली, तिच्या मागून टर्बोवाली गेली. आईने चुलीत नवीन लाकूड सारलं आणि बारा ताटं घेतली.

पुढच्या आठवड्यात दादा आणि बाळू एकाच मोटारसायकलवरून मुरबाडला गेले आणि चार सिलिंडरची एक जुनी डिझेल जीप घेऊन आले. तिचं इंजिन कसं आहे हे मला अजून माहीत नाही, कारण तिचं बॉनेट उघडायच्या वेळी मला पाणी आणायला घरात पाठवतात.

पण माझा मान गेला असं कोणी समजू नये. घरात काहीही घ्यायचं असलं, तर दोघं अजून आधी माझ्याकडे येतात. परवा मिक्सर घ्यायचा होता. दोघं जोडीने समोर बसले, मोबाइलवर दोन मिक्सर दाखवले आणि गंभीरपणे विचारलं, "भाऊ, कनचा?" मी चष्मा लावला, दहा मिनिटं विचार केला आणि डावीकडचा सांगितला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, एकाच वेळी मान हलवली आणि उजवीकडचा घेऊन आले. उत्तम चालतो. आई म्हणते, बाबा गेल्यापासून या दोघांचं इतकं एकमत तिने कधी बघितलं नव्हतं.